रोज मोबाइलवर किती वेळ जातो? सात दिवसांचा हिशोब असा ठेवा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. तारखेच्या चौकोनात दुधाच्या पिशव्या, मावशींचे खाडे, सिलिंडर कधी लावला ते, सगळं आईच्या बारीक अक्षरात लिहिलेलं. रोजच्या रोज लिहिलं जातं म्हणून महिनाअखेरीला दूधवाल्याशी कधी वाद होत नाही. मोबाइलचं विचारलं तर मात्र आपण सगळेच मोघम सांगतो, ‘जातो तासभर.’ गेल्या पावसाळ्यात मी आणि आईनं हाच दुधाचा हिशोब मोबाइलला लावला. सात दिवस दोघींनी आपापल्या वेळेची नोंद ठेवली. तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांना शेजारी बसून ही पद्धत शिकवली आहे. कुणी अडतं ते नेमकं कुठे, हेही आता कळलं आहे. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

लागणारं सामान थोडं आहे. एक साधी दोनशे पानी वही किंवा शाळेची उरलेली अर्धी वही, एक पेन आणि तुमचा आहे तो फोन. कुठलंही नवं अ‍ॅप लागत नाही. वेळ मोजून देतो म्हणणारी अ‍ॅप प्ले स्टोअरवर ढिगानं आहेत, पण त्यातली काही अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ती दिली की तुमच्या स्क्रीनवर काय लिहिलं आहे हे त्या अ‍ॅपला वाचता येतं, बँकेचं अ‍ॅप उघडलेलं असलं तरीसुद्धा. एवढ्याशा कामासाठी ती जोखीम घेऊ नका. फोनमध्ये आधीपासून असलेली सोय पुरते.

आठवडा कोणता निवडायचा

साधा आठवडा निवडा. गणपतीचे दिवस, दिवाळीची सुट्टी, घरातलं लग्न, आयपीएलचे सामने, मुलांची परीक्षा, यातलं काही नको. सोमवारी सुरू करून रविवारी संपवलं तर शनिवार-रविवार एकदम हाताशी येतात आणि वाचायला सोपं जातं.

या सात दिवसांत मोबाइल कमी करायचा प्रयत्न करायचा नाही, हे मी आवर्जून सांगते. हा आठवडा मोजण्याचा आहे. वजनकाट्यावर उभं राहायचं म्हणून आदल्या दिवशी उपास केला तर खरं वजन कळेल का? नेहमी जसं वागता तसंच वागा.

पहिलं काम: अंदाज लिहा

फोनमधला आकडा बघण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर तीन अंदाज लिहा. दिवसाला किती तास जात असतील, दिवसातून किती वेळा फोन उघडत असेन आणि सगळ्यात जास्त वेळ कोणतं अ‍ॅप खात असेल. हे पान नंतर खोडायचं नाही. आईनं लिहिलं होतं, ‘२ तास, २० वेळा, व्हॉट्सअ‍ॅप.’ मी लिहिलं होतं, ‘३ तास, ४० वेळा, व्हॉट्सअ‍ॅप.’ दोघींचे तिन्ही अंदाज चुकले. ज्यांना ज्यांना मी हे करायला लावलं, त्यांचं बहुतेकांचं निदान अ‍ॅपचं नाव तरी चुकलंच. हा अंदाज लिहून ठेवला नाही तर आठव्या दिवशी ‘मला वाटलंच होतं’ असं म्हणून माणूस मोकळा होतो. म्हणून ही पायरी गाळू नका.

दुसरं काम: फोनमधलं मोजमाप शोधा

अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ शोधा. सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत ‘वेलबीइंग’ लिहिलं की सापडतं, कारण प्रत्येक कंपनी ते वेगळ्या जागी ठेवते. उघडलं की एक गोल दिसतो. मध्ये आजचा एकूण वेळ आणि कडेनं रंगीत पट्ट्यांमध्ये अ‍ॅपची विभागणी. त्याच पानावर फोन किती वेळा अनलॉक केला आणि किती नोटिफिकेशन आली, हेही असतं. गोलावर बोट ठेवलं की मागच्या दिवसांचे उभे खांब दिसतात.

आयफोनमध्ये सेटिंगमध्ये ‘स्क्रीन टाइम’ आहे. ते बंद असेल तर आधी चालू करा. आत गेलात की दिवसाचा आणि आठवड्याचा आलेख मिळतो. खाली ‘पिकअप्स’ असतं, म्हणजे फोन किती वेळा हातात घेतला, आणि घेतल्यावर सगळ्यात आधी कोणतं अ‍ॅप उघडलं. ही दुसरी माहिती फार कामाची आहे, ती रोज उतरवून घ्या. आयपॅडही वापरत असाल तर दोन्हींचा वेळ एकत्र दाखवायचा की नाही हे तिथेच ठरवता येतं. दोन्ही सोयी २०१८ साली आल्या, म्हणजे त्यानंतर घेतलेल्या बहुतेक फोनमध्ये त्या सापडतील.

रोज रात्री झोपण्याआधी चार आकडे वहीत उतरवा: एकूण वेळ, किती वेळा उघडला, किती नोटिफिकेशन आली, आणि पहिली तीन अ‍ॅप त्यांच्या वेळेसकट. फोन जुने दिवस कायम जपून ठेवत नाही, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणालात तर सविस्तर आकडे हातचे जातील.

त्या आकड्यात काय येतं आणि काय राहून जातं

नवखी माणसं इथेच फसतात. एकूण वेळ बघतात, घाबरतात आणि वही बंद करतात. आधी तो आकडा कसा बनतो ते समजून घ्या.

स्क्रीन चालू आहे आणि अमुक एक अ‍ॅप समोर आहे, एवढंच फोनला कळतं. तुम्ही बघत आहात की नाही हे कळत नाही. माझी आई सकाळी ओट्यावर डब्याला टेकवून फोन उभा करते आणि यूट्यूबवर कीर्तन लावते. पोळ्या होईपर्यंत ते चालू असतं. मंगळवारी तिच्या फोनवर ५ तास ४० मिनिटं आली आणि तिचा चेहरा उतरला. वही उघडून बघितलं तर त्यातले जवळजवळ २ तास कीर्तनाचे होते, हात कणकेत आणि नजर तव्यावर. पूर्वी याच जागी ट्रान्झिस्टर असायचा आणि तेव्हा कुणी तिचे तास मोजत नव्हतं. उलट, स्क्रीन बंद करून तुम्ही तासभर गाणी ऐकलीत तर ती या आकड्यात धरली जात नाहीत. गाडी चालवताना समोर नकाशा चालू असेल, तर पुणे-सातारा प्रवासाचा पूर्ण वेळ त्यात येऊन बसतो.

राहून जाणाऱ्या गोष्टीही पुष्कळ आहेत. टीव्ही, ऑफिसचा कॉम्प्युटर, लॅपटॉपवर उघडलेलं व्हॉट्सअ‍ॅप, कामाचा दुसरा फोन, बायकोच्या किंवा मुलाच्या फोनवर बघितलेलं, वर्तमानपत्र, रेडिओ, सगळंच. यूट्यूबपुरती एक सोय आहे. यूट्यूबच्या आत ‘टाइम वॉच्ड’ नावाचं पान मिळतं, त्यात त्याच खात्यावरून टीव्हीवर बघितलेलंही धरलेलं असतं. मात्र बघितल्याचा इतिहास बंद करून ठेवला असेल तर तिथे काही दिसत नाही. आणि घरातल्या टीव्हीवर तुमचंच खातं लावलेलं असेल, तर नातवानं बघितलेली कार्टूनंही तुमच्या नावावर येतात.

एवढ्याचसाठी वही हवी. फोन ‘किती’ ते सांगतो. ‘कशाला’ ते फक्त तुम्हालाच माहीत असतं, आणि तेही दोन-चार तासच लक्षात राहतं.

तिसरं काम: वहीचं पान आखा

दिवस कुठून कुठवर धरायचा, यासाठी मी सरकारी सर्वेक्षणाची पद्धत उचलली. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर लोकांच्या चोवीस तासांची पाहणी केली, ‘टाइम यूज सर्व्हे’ या नावानं. त्यात ६ वर्षं आणि त्यापुढच्या माणसांचा दिवस पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४ असा धरला होता आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचे कप्पे केले होते. पहाटे चारला बहुतेक घरं झोपेत असतात, त्यामुळे दिवसाचा सांधा मधेच तुटत नाही. आपल्याला तर हे फारच सोयीचं. रात्री ११ला ‘एकच भाग बघते’ म्हणून सुरू केलेली मालिका १ वाजता संपली, तर ती त्याच दिवसाच्या पानावर राहते. फोन मात्र रात्री १२ला नवा दिवस धरतो. तुम्ही जागरण करणारे असाल तर वहीचे आणि फोनचे आकडे थोडे पुढे-मागे होतील. त्याची काळजी नको, सातही दिवसांची बेरीज केली की फरक जवळजवळ मिटतो.

अर्ध्या तासाचे ४८ कप्पे आखायची गरज नाही, कुणाच्यानं ते भरून होत नाहीत. मी पान उभं पाच रकान्यांत आखते: वेळ, काय केलं, कुठे आणि कोणासोबत, कशासाठी हातात घेतला, आणि शेवट कशात झाला. माझ्या वहीतल्या बुधवारच्या तीन ओळी जशाच्या तशा देते.

सकाळी ६:१०. व्हॉट्सअ‍ॅप. अंथरुणात, एकटी. गजर बंद करायला. लोकांचे स्टेटस बघण्यात, २० मिनिटं.

सकाळी ११:३०. मेसेज, मग इन्स्टाग्राम. ऑफिसच्या जागेवर. सिलिंडरचा ओटीपी सांगायला. रील बघण्यात, २५ मिनिटं.

दुपारी २:४५. व्हिडिओ कॉल. जिन्यात. आत्याची तब्येत विचारायला. आत्याच्या तब्येतीतच, ३० मिनिटं.

मधली ओळ बघा. सिलिंडरवाला दारात होता, आईनं फोन करून ओटीपी विचारला, मी तो सांगितला. त्या कामाला मिनिटसुद्धा लागलं नाही. ओटीपीच्या मेसेजवर एक नोटिफिकेशन येऊन बसलं होतं, तिथे बोट गेलं आणि पुढची २५ मिनिटं गेली. फोनच्या नोंदीत हे ‘इन्स्टाग्राम २५ मिनिटं’ एवढंच दिसतं, जणू मी ठरवून बसले होते. चौथा आणि पाचवा रकाना शेजारी-शेजारी ठेवले की हातात घेतला कशासाठी आणि संपलं कशात हे दिसतं. माझ्या मते सगळ्या वहीचा जीव या दोन रकान्यांत आहे. कंटाळा आला आणि काही गाळायचंच झालं तर बाकीचं गाळा, हे दोन ठेवा.

लिहायचं केव्हा

दिवसातून तीनदा: दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळच्या चहाला आणि झोपण्याआधी. प्रत्येक वेळी चार-पाच मिनिटं पुरतात. रात्री एकदमच लिहू म्हटलं तर सकाळचं आठवत नाही. मोठं काम आठवतं, मधली दहा-दहा मिनिटं विसरली जातात, आणि खरा वेळ तिथेच गेलेला असतो.

नोंद फोनमध्ये लिहू नका. फोनमधल्या नोट्स सोप्या वाटतात, पण लिहायला फोन उघडला की उघडण्याचा आकडा वाढतो, वर आलेली नोटिफिकेशन खुणावतात आणि नोंद बाजूलाच राहते. वही चहाच्या डब्याशेजारी ठेवा, ऑफिसात असाल तर डब्याच्या पिशवीत. मिनिटं अगदी अचूक हवीत असंही नाही, पाच-पाचच्या हिशोबानं लिहा.

टीव्हीचं कसं लिहायचं, असं हमखास विचारतात. घरात टीव्ही चालू आहे आणि तुम्ही भाजी निवडता आहात, तर ‘मागे चालू’ असं लिहा. बसून बघत असाल तर ‘बघितलं’. टीव्ही बघता बघता हातात फोन असेल तर दोन्ही लिहा आणि पुढे फुली मारा. या फुल्या आठवड्याच्या शेवटी मोजायच्या आहेत. पेपर वाचलात तर तोही लिहा, रेडिओ ऐकलात तर तोही. हे सगळं मिळूनच तुमचा दिवस झालेला असतो.

ज्यांचं पोटच फोनवर आहे, म्हणजे डिलिव्हरी करणारे, रिक्षा-टॅक्सी चालवणारे, घरबसल्या ऑर्डर घेणाऱ्या ताई, फोनवर माहिती भरणाऱ्या आशा सेविका, त्यांनी कामाच्या ओळीसमोर ‘का’, म्हणजे काम, असं लिहून ती वेगळी धरावी. त्यांच्या फोनवरचा दहा तासांचा आकडा दुसऱ्या कुणाच्या चार तासांशी ताडून बघणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

बुधवार-गुरुवारी कंटाळा येतो. एखादा दिवस सुटला तर पान कोरं सोडा आणि पुढे चला. आठवून आठवून, मनानं भरू नका.

आठव्या दिवशी

अर्धा तास निवांत काढा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, तीन रंगांचे पेन घ्या. प्रत्येक ओळीला एक रंग द्या. ठरवून केलेलं हिरवं: आत्याशी बोलणं, वीजबिल भरणं, आवडीची मालिका वेळ काढून बघणं. करमणूक ठरवून केली असेल तर तीही हिरवीच. मागे चालू असलेलं निळं: कीर्तन, बातम्यांचा आवाज. आणि एका कामासाठी उचलून दुसऱ्याच ठिकाणी संपलेलं लाल.

मग बेरजा करा. रोजचे ४ तास म्हणजे आठवड्याचे २८ तास, ही बेरीज कागदावर केल्याशिवाय जाणवत नाही. फोन उघडण्याचा आकडाही असाच मांडून बघा. तुम्ही १६ तास जागे असता आणि ९० वेळा फोन उघडता, तर ९६० मिनिटांना ९० नं भागा. साधारण दर १०-११ मिनिटांनी एकदा. यातून सलग काम किती होत असेल ते ज्याचं त्यानं बघावं.

आता पहिलं पान उघडा आणि अंदाज ताडून बघा. माझे रोजचे सरासरी ४ तास ३५ मिनिटं निघाले, मी ३ लिहिले होते. पण मला धक्का बसला तो लाल ओळींच्या वेळा बघून. निम्म्याहून जास्त सकाळी ११ ते १२ आणि रात्री १०च्या पुढे होत्या. अकराला माझं अवघड काम सुरू होतं, ते टाळायला मी फोन धरत होते. आईच्या वहीत लाल ओळी अगदी थोड्या होत्या, पण सगळ्या दुपारी २ ते ४ मधल्या. तेव्हा घरात कुणीच नसतं. ‘तुम्ही सगळे बाहेर असता ना,’ एवढंच ती म्हणाली. त्यानंतर मी रोज अडीचच्या सुमाराला तिला फोन करते. हे कोणत्याही आलेखात मला दिसलं नसतं.

मग एकच बदल करा

एकच, आणि लाल ओळी जिथे दाटल्या आहेत तिथेच. सगळं एकदम बंद करायला जाऊ नका.

ओढ नोटिफिकेशनमुळे लागत असेल तर त्या अ‍ॅपची नोटिफिकेशन बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपचे गप्पांचे ग्रुप ८ तास, एक आठवडा किंवा कायमचे म्यूट करता येतात. सोसायटीचा आणि शाळेचा ग्रुप चालू ठेवा, ‘शुभ सकाळ’चे म्यूट करा. कुणाला कळतही नाही. एखादंच अ‍ॅप वेळ खात असेल तर त्याला रोजची मर्यादा लावा. अँड्रॉइडवर वेळ संपली की अ‍ॅपचं चिन्ह करडं होतं आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा उघडतं. आयफोनवर वेळ संपल्यावर आणखी एक मिनिट, १५ मिनिटांनी आठवण किंवा आजच्यापुरतं सोडून द्या, असे पर्याय समोर येतात, त्यामुळे ती मर्यादा सहज ओलांडता येते. अंथरुणातला वेळ जास्त असेल तर तीनशे रुपयांच्या आत मिळणारं गजराचं घड्याळ घ्या आणि फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. माझ्या पहिल्या ओळीतली ती वीस मिनिटं घड्याळानंच सुटली.

घरातल्या दुसऱ्यांचं मोजायचं असेल तर त्यांना सांगून, शेजारी बसवून मोजा. मुलाचा फोन रात्री गुपचूप उघडून आकडा काढला आणि सकाळी चारचौघांत ऐकवला, की तो आकडा लपवायला शिकतो. आपली वही आधी त्याला दाखवा. सगळ्यांनी मिळून ठरवलं तर काय जमतं, हे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं दाखवलं आहे. तिथे २०२२ च्या १५ ऑगस्टपासून संध्याकाळी ७ला देवळावरचा भोंगा वाजायला लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवून मुलं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला किंवा बोलायला बसायला लागली. आधी मोठ्यांनी हातातला फोन खाली ठेवला, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं.

वही लिहिताना कुणाच्या असंही लक्षात येईल की झोप, जेवण, कामधंदा सगळंच फोनपायी बिघडलं आहे आणि एकट्यानं ते सुटत नाही. मग वही बाजूला ठेवून माणसाशी बोला. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर २०१४ पासून खास याच त्रासासाठी ‘शट क्लिनिक’ चालतं.

बदल केल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग त्याच वहीत दुसरा आठवडा लिहा. पुन्हा पहिल्या पानावर आधी अंदाज, मग आकडे. या वेळी पाचही रकाने नकोत, रोजचे चार आकडे आणि फक्त लाल ओळी पुरतील. आईनं तर आता वहीसुद्धा सोडली आहे. कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या पिशव्यांखाली ती एक छोटा आकडा लिहिते, आज किती वेळा फोन उघडला तो. परवा तिथे ३१ होते.